सासऱ्यांची टोपी आणि मामूंचं पितळी कडं

माझ्या सासऱ्यांची हजहून आणलेली टोपी दुबईच्या समुद्रात एका माशाकडे आहे. त्याने ती अजून परत केलेली नाही.

दोष माझा नाही. दोष इब्राहिम मामूंचा आहे. (हे मामू माझ्या बायकोचे. दुबईच्या देरा भागात खाडीच्या काठावर त्यांचं दोरखंड, रंग, गळ असल्या जहाजी सामानाचं दुकान होतं.) साठ-एकसष्ट साल असेल. मी रत्नागिरीहून एक पत्र्याची पेटी घेऊन आलो आणि चार वर्षांत कापडाचं दुकान टाकलं. भाव पाडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बाजारात कोणी नव्हता. पण सासऱ्यांनी लग्नातच चारचौघांत सांगितलं होतं, "पोरगा हुशार आहे. पण कोकणातला असून याला साधा मासा धरता येत नाही!"

हे मी विसरलो नव्हतो. ते पहिल्यांदा दुबईला यायला निघाले तेव्हा मी पत्र टाकलं : 'इथलं तुमचं पहिलं जेवण माझ्या हातच्या तांबोशीचं. तीही विलायती काठीने धरलेली!'

विलायती काठ्या मामूंकडे होत्या. कोणी गोरा इंजिनीयर मायदेशी जाताना तीन ठेवून गेला होता. गळाला आमिष नाही, नुसती रंगीत पिसं बांधलेली. मासा ती पिसं बघून फसतो म्हणे.

"कुठली घेऊ?" मी विचारलं.

"या दोन नदीच्या. ही समुद्राची," मामू म्हणाले. "दोरी गुंडाळायच्या या चरखीवर पुढे तीस वार जाड दोरी, फेकायला. तिच्यामागे शंभर वार बारीक दोरी, मोठा मासा पळाला तर सोडायला. हे पितळी कडं, चरखी काठीला घट्ट धरायला. आणि ही जाळी, मासा पाण्यातून उचलायला. ऐंशी रुपये." (तेव्हा दुबईत रुपयेच चालत.)

"ऐंशी? मामू, काठी विकताय की जहाज? चाळीस!"

आता खरं सांगतो, मामूंसारखा दुकानदार मी आजवर पाहिला नाही. मी गल्ल्यावर मुठी आपटत होतो, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, आणि हा माणूस शांतपणे पान लावत होता!

"सत्तरला देतो. जाळी काढतो."

"काढा! मला हात आहेत!"

"पंचावन्नला देतो. मागची दोरी काढतो."

"काढा! तीस वार काय थोडी झाली? मला मासा धरायचाय, रत्नागिरीला न्यायचा नाहीये!"

मामूंनी कात्रीने गाठ कापली. "मग चाळीसला हे कडंही निघेल."

"काढा! मी सुतळीने बांधीन!"

"खलास," मामू म्हणाले. "भाचीला सलाम सांग."

अर्ध्या किमतीत विलायती काठी! मी रस्ताभर छाती काढून चाललो.

सासरे आले. दुसऱ्या दिवशी होडी करून आम्ही उथळ पाण्यात गेलो. त्यांच्याकडे लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी आणि कोलंबीचे तुकडे. माझी काठी बघून म्हणाले, "माशाअल्ला! ही सुतळीसुद्धा विलायतीच का?"

मी काठी मागे नेली आणि जोरात पुढे फेकली. दोरी गेली, पिसं गेली आणि त्यांच्याबरोबर सासऱ्यांची टोपीही गेली! वीस हातांवर पाण्यात पडली.

"अरे, टोपी!"

"आणतो, अब्बा! गळातच आहे!"

मी ओढू लागलो. टोपी पाण्यावर फडफडत येत होती. एवढ्यात पाणी फुटलं आणि टोपी गायब! पिसांना भुलला की टोपीला, अल्ला जाणे, पण मासा लागला होता! आणि काय मासा! काठी कमान झाली, चरखी किंचाळली.

"सोड, दोरी सोड!" अब्बा ओरडले.

दहा वार, वीस, तीस... आणि दोरी संपली. ज्या शंभर वारांत मासा दमायचा, ते मामूंच्या दुकानात होते. फाट् करून सुतळी तुटली. चरखी माझ्या नाकावरून उडाली आणि दोरी, टोपी, माशासकट ओमानच्या दिशेने निघून गेली.

अब्बांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपली दोरी पाण्यात सोडली. तासाभरात तीन तांबोश्या! बोटाला नुसता झटका, की मासा होडीत. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. घरी माझी बायको झुलेखा हिने विचारलं, "कोणी धरल्या?"

अब्बा म्हणाले, "मोठा याच्याच गळाला लागला होता." थोर माणूस! खोटं बोलला नाही आणि खरंही सांगितलं नाही.

मी तडक मामूंच्या दुकानात. "मामू, तुम्ही मला बुडवलंत!"

मामूंनी गल्ल्याखालून एक गाठोडं काढलं. जाळी, शंभर वार दोरी, पितळी कडं. "तुझंच आहे. येशील माहीत होतं, म्हणून कोणाला दिलं नाही. चाळीस."

"चाळीस? लाज वाटते का?"

अर्धा तास भांडलो. पस्तीसवर आणले! म्हणजे एकूण पंचाहत्तर. पहिल्या भावापेक्षा पाच कमी. मामूंना अखेर हरवलं होतं. घरी येऊन मी गाठोडं झुलेखापुढे ठेवलं.

तिने दोरी उलटून पाहिली, कडं उलटून पाहिलं. "अहो, पण हे लावणार कशाला? चरखी कुठाय?"

मी चपला परत पायात घातल्या. दुकान बंद व्हायच्या आत मामूंना गाठायचं होतं. त्यांच्याकडे नदीच्या काठ्यांच्या अजून दोन चरख्या शिल्लक होत्या.