आपल्याच गावांचा सर्वे: बेलपाडा, रोडपाली आणि आमचा मासळी बाजार

हा प्रवास फार लांबचा नाही. पनवेलहून निघालो, पनवेललाच परत आलो, मध्ये एक शनिवार आणि एक रविवार. तरी लिहून ठेवते आहे, कारण आमच्या मागच्या वर्गालाही हाच प्रकल्प करायचा आहे आणि "कसे गेलात, काय खाल्लंत, काय चुकलं, सगळं ब्लॉगवर टाक" असं मॅडमनी सांगितलं आहे. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

आम्ही तिघं समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहोत. मंगेश बेलपाड्याचा. अफरीन पनवेल गावातली, तिचे अब्बू रिक्षा चालवतात. मी उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, कॉलेजसाठी करंजाड्याला आत्याकडे राहते. आमच्या आधी आमच्या घरांतलं कोणी कॉलेजात गेलेलं नाही. प्रकल्पही त्याचाच: घरातलं पहिलं पोर कॉलेजात गेलं की त्या घराचं काय होतं? मॅडमचं म्हणणं, बाहेरचे लोक येऊन तुमच्यावर लिहितात, त्यापेक्षा तुम्हीच जाऊन विचारा. प्रश्न आम्ही काढले. शेवटचा मात्र मॅडमनी घातला: "पोर शिकायला गेलं, त्यात घराचं काय गेलं?"

मंगेशचं बेलपाडा आणि अफरीनच्या मावशीचं रोडपाली, यांना माझी ना नव्हती. आमच्या गावी मला जायचं नव्हतं. माझी आई गेल्या वर्षी वारली. ती आमच्या बाजारात मासळी विकायची. आमच्याकडे रीत अशी, की बाजारात बसणारी बाई गेली तर शेजारच्या बायका तिची जागा वर्षभर धरून ठेवतात. तिची टोपली त्या जागेवर पालथी घालतात आणि तिथे कोणी बसत नाही. वर्ष झालं की बहुतेक वेळा घरातली सून नाहीतर मुलगी ती जागा घेते. आमच्याकडे सून नाही, मुलगी मी एकटी. वर्ष भरत आलं होतं आणि मला एम.ए. करायचं होतं. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांनीही मला काही विचारलं नव्हतं. प्रवेशाचा अर्ज भरायची मुदत संपत आली होती.

"तिघांची गावं म्हणजे तिघांची," मॅडम म्हणाल्या. विषय संपला.

शनिवार: बेलपाडा

सकाळी पनवेल स्टँडजवळ भेटलो. तिघांनीही इस्त्रीचे कपडे घातले होते, गळ्यात कॉलेजची ओळखपत्रं अडकवली होती. मंगेशने तर कागद लावायची पाटीही आणली होती, "संशोधक दिसलं पाहिजे" म्हणून. स्टँडबाहेर वडापाव खाल्ला (चटणी जहाल आहे, पाणी जवळ ठेवा) आणि शहर बसने खारघरला उतरलो. तिथून बेलपाडा चालत जाता येतं. मोठमोठ्या इमारती संपतात आणि एकदम अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेली घरं, दारात वाळत घातलेली सुकी मासळी असं गाव सुरू होतं. खारघरला राहणाऱ्या कित्येकांना हे गाव आपल्या शेजारी आहे हे माहीत नसतं, असं मंगेश म्हणतो.

गल्लीत शिरलो आणि समोरची दोन दारं आतून लागली. मंगेशच्या काकीच्या घरी पोचलो तर काकी दारातच उभी. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा.

"घर मोजाला आयलाव ना? मोजा! पन आदी सांगा, ही जागा कोनाची? माझ्या सासऱ्याची! ही घरपट्टी, हा लाईटबिल. कंचा कागद पायजे तुमाला?"

मंगेश पुढे झाला. "काकी, मी मंगेश."

"कोन मंगेश?"

"अगो काकी, मंग्या!"

काकीने चष्मा वर केला. "मेल्या! गल्यान पट्टा घालून, हातान पाटी घेऊन आयलास त वलखनार कशी? वरच्या भाडेकरूला मी मागच्या दारानं पलवलाय!"

या गावांनी सर्वे खूप पाहिले आहेत. शहर वसवताना जमिनी गेल्या, नंतर वाढलेल्या घरांचे हिशेब आले. गळ्यात पट्टा आणि हातात पाटी घेऊन कोणी आलं की काहीतरी जाणार, हे इथल्या लहान मुलालाही कळतं. मंगेश याच गल्लीत वाढला, तरी त्याच्या ते लक्षात आलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. आधी जाऊन भाडेकरूला परत आणलं. तो शेजारच्यांच्या ओट्यावर नुसता टॉवेल गुंडाळून बसला होता. मग ओळखपत्रं पिशवीत गेली आणि पाटी काकीच्या माळ्यावर. ती अजून तिथेच आहे. तुम्ही जाल तेव्हा घरचे कपडे घाला, दारातून नावाने हाक मारा आणि तुम्ही कोणाचे कोण ते आधी सांगा.

त्यानंतर काकी थांबेचना. मोबाईल माझ्याकडे होता, कारण रेकॉर्डिंगला बोलावं लागत नाही. (आधी विचारून घ्या. काकीने "कर गो, पन माझा आवाज बारीक येऊ दे" या अटीवर परवानगी दिली.) शेवटी मंगेशने भीत भीत मॅडमचा प्रश्न विचारला.

"काय गेलं म्हंजे? तुझं काम करनं गेलं! आदी पानी भराचास. आता पानी येत नाय, त्याच्यावर निबंद लिवतोस."

निघताना तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायला घातली. इथे जेवणाचे पैसे धरू नका. नको म्हटलंत तर मुलाखत बाद समजा.

शनिवार दुपार: रोडपाली

बसने परत येताना कळंबोलीला उतरलो आणि शेअर रिक्षाने रोडपालीत गेलो. वाटेत ट्रेलर, धूळ आणि पोलाद लादलेल्या गाड्या. दुपारी जाणार असाल तर तोंडाला रुमाल बांधा. अफरीनची खाला, म्हणजे मावशी, इथे दोन खोल्यांत राहते. तिचे यजमान, खालू, ट्रेलर चालवतात आणि महिन्यातून थोडेच दिवस घरी असतात. मुलगा इम्रान बी.कॉम. करतो, घरातला पहिला.

खालाने रूह अफजा पुढे ठेवलं आणि आम्ही विचारायच्या आधीच बोलायला लागली. "काय गेलं विचारता? टीव्हीचा आवाज गेला! इम्रानचा अभ्यास असतो ना. दोन वर्षं झाली, मालिका मुकी बघते. आता तर नुसते ओठ हलले तरी समजतं, सासू सुनेला काय बोलते ते."

"खाला, मग आवाज हवाच कशाला?" अफरीन म्हणाली.

"गाण्यांना पाहिजे ना, बेटा. गाणी ओठांवरून नाही समजत."

मग तिने रिकामे ग्लास गोळा केले. म्हणाली, इम्रानला कॉलेजात काहीतरी लिहायचं होतं, म्हणून त्याने परवा विचारलं की अम्मी, तू शाळा का सोडलीस? "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांना माहीत असेल."

का सोडली ते तिने आम्हालाही सांगितलं, पण मोबाईल बंद करायला लावून. म्हणून ते इथे नाही.

संध्याकाळी पनवेलच्या नाक्यावर चहा घेतला. उद्या आमच्या गावी जायचं होतं. बाजार कुठे, घर कुठे, एवढं मी सांगितलं. आईच्या जागेबद्दल बोलले नाही.

रविवार: आमचं गाव

पनवेल स्टँडवरून उरणची एसटी. लवकर निघा. गव्हाण फाट्यानंतर कंटेनरच्या रांगा लागतात आणि गाडी केव्हा पोचेल याची खात्री कंडक्टरही देत नाही. आमच्या कंडक्टरने अफरीनला सांगितलं, "ताई, तिकीट उरणचं आहे, वेळेचं नाही." खिडकीची जागा मिळाली तर मध्येच खाडी, तिवरं आणि मिठागरांचे उरलेले तुकडे दिसतात.

रविवारी बाजार भरलेला असतो. कोळंबी, बोईट, चिंबोऱ्या, नशीब असेल तर निवट्या. मासळी वाट्यावर मिळते, वजनाचा काटा शोधू नका. आम्ही शिरलो तर सगळीकडून हाका आल्या, "आयली गो कॉलेजवाली!" मी मान हलवत राहिले. जनाकाकी आईच्या डाव्या हाताला बसायची, अजून तिथेच बसते. तिच्या शेजारी आईची टोपली पालथी होती.

अफरीन दमली होती. तिला ते स्टूल वाटलं. मी काही म्हणायच्या आत ती त्यावर बसली.

"अगो, अगो, अगो!" अख्खी रांग ओरडली. अफरीन ताडकन उठली. मी मध्ये पडायला हवं होतं. पडले नाही.

जनाकाकीने हात वर केला. "बस गो, बस. बोलकीची जागा हाय. आज बोलकीच बसली, काय बिगडत नाय."

अफरीनने टोपली बाजूला ठेवली, खाली बसली आणि मग नेहमीसारखं विचारायला सुरुवात केली. "काकी, ही जागा कोणाची?"

"हिच्या आयशीची."

"मग आता ही बसणार का इथे?"

जो प्रश्न मी वर्षभर कोणाला विचारला नव्हता, तो हिने दोन मिनिटांत विचारला. मोबाईल माझ्या हातात होता. त्याची काच ओढणीने पुसत राहिले.

जनाकाकी हसायलाच लागली. "ही? गिऱ्हाईक आला तर ही त्याचा तोंड बघत बसंल! हिची आय मेलेला मासा पन बोलून विकाची."

"मग जागा हिच्यासाठी ठेवलीय ना?"

"हिच्यासाठी कशाला?" काकीने कोयता खाली ठेवला. "तिच्यासाठी ठेवली. येवढी वर्सं बाजूला बसून बोललो आमी. ती गेली न दुसऱ्या दिवशी कोनाला बसवू? माझ्यानं व्हयाचं नाय. वरीस झालं का आपल्या गावच्या परबतची सून बसंल, तिला पायजे हाय. तवर मी टोपलीशी बोलते."

"टोपली काय बोलते?" पलीकडची बाई म्हणाली.

"तुझ्यापरीस शानं बोलते!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. सुटल्यासारखं वाटलं हे खरं. पण ती जागा माझी वाट बघत नव्हती, हे ऐकून थोडं लागलंही. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. काकी मंगेशशी बोलत होती, म्हणून तिच्या कोळंबीचा ऐकलेला भाव अफरीननेच सांगितला. ते काका भाव पाडायला लागले, तशी ती म्हणाली, "अंकल, आपकी उमर में इतना मोलभाव अच्छा नहीं, बीपी बढता है. घ्या ना दोन वाटे." त्यांनी दोन वाटे घेतले. पलीकडची बाई ओरडली, "जना, परबतच्या सुनेला नको सांगू, हिलाच ठेव!"

घरी जेवायला

बाबा पूर्वी होडी घेऊन खाडीत जायचे. आता बंदराजवळच्या एका गोदामात पाळीवर काम करतात. रविवार म्हणून घरी होते. त्यांनी कोळंबीचं कालवण आणि भात केला होता. आईचं वर्ष सरेपर्यंत घरात तळण करत नाहीत, म्हणून तळलेलं काही नव्हतं. मंगेश तीनदा वाढून घेऊन म्हणाला, "काका, तळलेलं असतं तर मी इथेच राहिलो असतो."

बाबांना मी प्रश्न विचारू शकत नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. अफरीनने विचारले. बाबांची उत्तरं हो आणि नाय. शेवटचा प्रश्न आला. पोर शिकायला गेलं, त्यात घराचं काय गेलं?

बाबा ताटातच बघत भात कालवायला लागले. "शिकन्यानं काय नाय गेलं. आमच्या घरातलं बोलनारं मानूस गेलं. हिची आय माझं पन बोलाची न हिचं पन. आता आमी दोगं फोनवर 'जेवलीस?' 'जेवले.' झालं."

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

अफरीनला थांबणं माहीत नाही. "चाचा, तिने बाजारात बसावं असं वाटतं तुम्हाला?"

"मला?" बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मला वाटलं, हिलाच बसाचंय आयशीच्या जागंवर. घरी आली का रोज बाजारान जाते, ती टोपली बगते न येते. म्हून मी काय बोललो नाय. नको बस म्हनलं त तिला वाईट वाटंल."

मंगेशने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "बाबा, मला एम.ए. करायचंय."

"मंग कर की," बाबा म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी कोळंबी वाढली. मला नको होती, पण खाल्ली.

"हे रेकॉर्ड झालं का?" अफरीनने हळूच विचारलं.

"नाही."

"अल्ला! पूरे प्रोजेक्ट का सबसे बडा पॉइंट!"

परत करंजाडे

येताना एसटी रिकामी होती. दोन दिवसांचा खर्च भाडं, चहा आणि वडापाव धरून प्रत्येकी चारशेच्या आत बसला, कारण जेवणं घराघरांतून झाली. तुमचा मार्ग वेगळा असला तरी बहुधा हेच होईल. सल्ला एकच देते. आपल्या माणसांकडे जाताना आपल्याला त्यांचं सगळं माहीत आहे असं धरून जाऊ नका. मंगेशला आपली गल्ली माहीत होती, मला आपला बाजार माहीत होता. दोघांनाही विचारावं लागलं. आणि एखादी अफरीन बरोबर ठेवा.

आत्याने दार उघडून विचारलं, "काय गो, मिलालं काय?" एरवी मी "हो" म्हणून आत जाते. त्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिले आणि सांगायला लागले, मंगेशच्या काकीच्या पिशवीपासून. आत्याने कुकरखालचा गॅस बंद केला आणि ऐकायला खाली बसली. शेवटी म्हणाली, "आज तुझ्यान तुझी आय शिरली काय?"

मग मी अर्ज भरला आणि बाबांना फोन लावला.

"जेवलीस?"

"अजून नाही. बाबा, अर्ज भरला."

"बरं केलंस."

"आईचं वर्ष झालं की बाजारातल्या सगळ्या बायकांना जेवायला बोलवूया."

"जना एकटीच चार मानसांचं बोलंल."

"बोलू दे."

"हां. बोलू दे."

एरवी इथे फोन संपतो. पुढे काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, त्यांनाही नसावं. त्यांच्याकडे कोणाची तरी मोटरसायकल गेली, कुत्रं भुंकलं. माझ्याकडे आत्याने पुन्हा गॅस लावला. फोन कोणीच ठेवला नाही.