ताडपत्रीकाकूंचा पूल

ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायच्या म्हणून त्या ताडपत्रीकाकू. दुकान जंगलाच्या कडेला, रस्त्याला लागून. जमिनीवर भलीमोठी ताडपत्री पसरायची आणि मधोमध बसून दाभण चालवायचं. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीने सांभाळलं. "माझी शिवण वादळाच्या बापालाही उसवता येणार नाही," असं गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत.

रस्ता रुंद करायचं ठरलं आणि गावात दोन तट पडले. काकूंचा धाकटा दीर ट्रक चालवायचा. त्याची मुलगी याच अरुंद वळणावर, अडकलेल्या गाडीत जन्मली होती. रस्ता झालाच पाहिजे, असं तो म्हणे. शाळेतल्या बाई म्हणत, जंगलाचे दोन तुकडे झाले की प्राण्यांनी जायचं कुठे? सभेत दोघांची जुंपायची. काकू कोणाचीच बाजू घेत नसत. ट्रकांवर त्यांचं पोट होतं.

झाडांची पहिली तोड झाली. वर एकमेकींत गुंतलेल्या फांद्या गेल्या आणि माकडं डांबरावर उतरू लागली. एका सकाळी दीर दुकानात आला तो पांढराफटक पडलेला. चाकाखाली माकडीण आली होती आणि पिल्लू तिला सोडत नव्हतं.

"वहिनी, मी ब्रेक दाबला होता हो," एवढंच तो म्हणाला.

काकूंनी त्याला पाणी दिलं, शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "भावजी, यांचा वरचा रस्ता आपण मोडला. तो आपणच जोडायचा."

माकडांसाठी रस्त्यावरून दोराचा पूल टाकायला रस्त्याचे इंजिनिअर हो-ना करत तयार झाले, पण उपयोग दिसला नाही तर दोर काढून टाकू, असं बजावलं. दिराने त्या वळणावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच झाडांवर चढून दोर बांधला. माकडं आली, बघून गेली. एकाने हात टाकला, दोर गर्रकन फिरला आणि ते उडी मारून पळालं. तोडीवरची माणसं त्याला काकूंचा झोपाळा म्हणून हसू लागली.

काकू हसणाऱ्यांकडे नाही, दोराकडे बघत होत्या. त्यांनी तो उतरवला. ट्रकांचे जुने पट्टे घेऊन खाटेसारखी रुंद वीण घातली, कडा दुहेरी शिवल्या. बोटं सोलली तरी दाभण खाली ठेवलं नाही. यावेळी पूल वर चढवताना शाळेतल्या बाईही दोर ओढायला आल्या. दीर वरून आणि बाई खालून, भांडण चालूच.

बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी एक थोराड माकड पट्ट्यावर आलं, बसलं, पाय आपटून पाहिला आणि चालत पलीकडे गेलं. त्याच्यामागे अख्खी टोळी निघाली. दिराने ट्रक आडवा लावून रहदारी थांबवली. मागे गाड्यांची रांग लागली, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. शेवटी पोटाला पिल्लू बिलगलेली एक माकडीण गेली, तेव्हा दीर स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. काकू मात्र कमरेवर हात ठेवून, मान वर करून उभ्या होत्या, लेकीची वरात बघावी तशा.

दुसऱ्या तोडीची वेळ आली तेव्हा इंजिनिअरांच्या लक्षात आलं, की पुलाची दोन्ही टोकं नेमकी तोडायच्या झाडांना बांधलेली आहेत.

"काकू, हीच झाडं बरी सापडली तुम्हाला?"

"साहेब, मग काय हवेला बांधू?"

गावात पुन्हा सभा भरली. यावेळी दीर उठला. रस्ता हवाच, पण वळणावर आहे तेवढाच राहू द्या, तिथे मी गाडी हळू घेईन, आणि आजाऱ्यांच्या गाडीला वाट द्यायला अलीकडच्या मोकळ्या माळावर जागा करा, असं तो म्हणाला. शाळेतल्या बाईंनी त्याला पहिल्यांदाच टाळी दिली. इंजिनिअरांनी ते मान्य केलं आणि वळणावरची उरलेली सगळी झाडं वाचली.

मुद्दाम केलंत का, असं विचारलं की काकू दाभणात दोरा ओवत राहतात. आता पुढच्या वळणांसाठीही इंजिनिअर त्यांच्याकडेच पूल मागायला येतात. दुकानात ताडपत्री पसरायला जागा उरत नाही, त्यामुळे काकू पट्टे घेऊन थेट रस्त्याकडेला बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोर धरायला लावतात. नाही म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही.