विहिरीतला मांगूर

माझी सासू आवडाबाई भुताला भीत नसे, पोलिसाला भीत नसे. घाबरायचो ते आम्ही, तिला. कोलशेतच्या कोळीवाड्यातून मांगूर घेऊन ती कल्याणच्या बाजारात बसे. मांगूर म्हणजे भातखाचरांतला काळा, मिशाळ मासा. पाण्याबाहेरही हवा गिळून तग धरणारा. ओल्या गोणपाटाखालून वळवळता मासा काढून ती गिऱ्हाइकाला दाखवी, "बघ, सकालपासून पानी नाय, तरी जित्ता!"

शहाऐंशी साली जवळच्या एका कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात आलं आणि आमच्या विहिरीला वास येऊ लागला. मला सातवा महिना होता. मी पाणी प्यायला घाबरू लागले, तेव्हा सासूनं एक मांगूर विहिरीत सोडला. विहिरीत मासा जगला तर पाणी चांगलं, ही आमच्या आळीची जुनी परीक्षा. तीन आठवडे तो मजेत जगला. "आवडाबाय बोलली म्हंजे झालं," म्हणत सगळी आळी हंडे भरू लागली. मीही प्याले, नाक दाबून. सासूपुढे शहाणपण कोण करणार!

मग एका दुपारी ती भरली टोपली तशीच घेऊन बाजारातून परत आली. चेहरा पांढराफटक. गिऱ्हाइकापुढे नेहमीचं ओरडता ओरडता तिची जीभ अडखळली होती: पानी नाय, तरी जित्ता. जो पाण्यावाचून जगतो, त्यालाच तिनं पाण्याची परीक्षा घ्यायला बसवलं होतं! तिनं तळ्यातले बारीक मासे आणले आणि विहिरीचं पाणी घमेल्यात काढून त्यात सोडले. चहा उकळेपर्यंत ते उताणे झाले. तिकडे विहिरीत मांगूर वर येऊन हवा गिळत होता.

सासू घरोघर हंडे उपडे करत सुटली. "ओता गो, ओता! माजी चूक झाली!" असं तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुढचे दोन महिने पाणी लांबून आणलं. ती सारखी विचारी, "हललं का गो?" पोर हललं नाही की ते हलेपर्यंत माझ्या पोटावर हात ठेवून बसून राही.

मुलगी झाली. खणखणीत रडली. सासू तिची बोटं पुन्हा पुन्हा चाचपत होती, डोळ्यांना धार लागलेली.

"आये, बगा, पोर जिती हाय," मी म्हटलं. "आता तरी रडू नका."

"जित्ता तं मांगूर पन व्हता गो," ती म्हणाली.