दिवाणाखालचा नाग

हे ऐकायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मागं एकाला ठसका लागला आणि दोष माझ्यावर आला.

तर आमच्या मूल गावात पावसाळ्याच्या तोंडावर जांभळांचा नुसता खच. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि डोक्यात शिरलं, घरीच जांभळाची वाइन करायची! तेलाच्या रिकाम्या बादलीत जांभळाचा रस, साखर, यीस्ट. झाकणाला भोक पाडून त्यात नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात. माल आंबायला लागला की ग्लासात बुडबुडे येतात म्हणे.

बायको म्हणाली, "अवो, माह्या आईले माहीत पडलं त काय होईन, समजते का तुमाले?"

समजत होतं हो! सासूबाई गडचिरोलीकडच्या त्यांच्या गावात दारूबंदी समितीच्या अध्यक्ष. रानात लपवलेल्या मोहाच्या हंड्या काठीनं फोडणारी बाई! 'पोरगा सुपारीसुद्धा खात नाही' एवढ्या एका गुणावर त्यांनी मला पोरगी दिलेली. त्या घरातला माझा सगळा मान त्याच्यावरच उभा!

पण बुडबुडे काही येईनात. मी ग्लासासमोर बगळ्यासारखा बसून. झाकण वाकडं झालं होतं, कारण ते मीच पेचकसनं उचकटलं होतं. मग फटीला कणीक लावली. वर तांदळाचं पोतं ठेवलं. ग्लासात ढिम्म! हवा दुसऱ्याच फटीतून गुपचूप पळत होती आणि आत माल मजेत आंबत होता, हे मला कोण सांगणार? मी ठरवून टाकलं, यीस्ट मेलं.

तेवढ्यात सासूबाई येणार असा फोन. मी नळी काढली, भोकात कापडाचा बोळा कोंबला, वास नको म्हणून झाकणाभोवती अख्खी चिकटपट्टी गुंडाळली आणि बादली दिवाणाखाली ढकलली. आणि चक्क विसरलो.

सासूबाई आल्या. दिवाणावर पाय सोडून चहा पीत बसल्या. माझंच कौतुक चाललं होतं, "आमचे जवाईबापू म्हंजे सोनं!" आणि खालून आवाज आला. सूऽऽऽस्!

पावसाळ्यात आमच्याकडं असा आवाज आला की माणूस विचार करत बसत नाही.

"आई, पाय वर घ्या! नाग हाय!"

ओरडलं कोण? मीच! ज्यानं बादली ठेवली त्यानंच! मीच बाहेर धावलो, मीच गल्ली गोळा केली, मीच सर्पमित्र प्रमोदला फोन लावला. "लवकर ये बाप्पा, सासू दिवाणावर अडकली हाय!"

प्रमोद आला. वाकून त्यानं काठी आत घातली. टक्! प्लास्टिक वाजलं आणि मला बादली आठवली!

"प्रमोद, राहू दे. गेला असंन तो."

"गेला कुठी, भाऊ? फुसफुस करूनच राह्यला ना!"

"गरीब जात असंन. धामण-बिमण."

"आताच त नाग मनत होते तुमी!"

सासूबाई वरून गरजल्या, "ओढ रे त्याले बाहेर! मी काय जलमभर इथीच बसू?"

त्यानं आकडा अडकवून बादली ओढली. फट्ट! झाकण उडून छताला लागलं. प्रमोद जांभळा, भिंत जांभळी, सासूबाईंचं पोपटी लुगडं जांभळं. आणि वास! असा काही सुटला की खिडकीतून बघणारे दोघंतिघं आपसूक घरात आले.

सासूबाईंनी गालावरचा ओघळ बोटानं पुसला. हुंगला. मी खाली मान घालून उभा. इतक्या वर्षांचा मान फरशीवरून मोरीकडं वाहत चालला होता आणि मला रडायला येत होतं.

आणि बाई हसत सुटल्या! अशा, की दिवाण हलायला लागला.

"जवाईबापू, दारू धराले आमी रानोमाळ फिरलो, चिखलात पडलो, कुत्रे मांगं लागले. पन सोताच फोन करून, गल्लीभर पंच जमवून, समितीच्या अध्यक्षीनबाईले वरतं बसवून दारू धरून देनारा इमानदार मानूस मी आज पह्यल्यांदा पाह्यला!"