तूर्त ताबा

तुम्ही शेवटची सही केलीत तो कागद वाचला होतात का? खरं सांगा. चाळला असेल. वकिलाने बोट ठेवलं तिथे नाव लिहून मोकळे झाला असाल.

आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबांनी वाटायला आणलेले गठ्ठे पलंगाखाली असत आणि घड्या घालायचं काम माझं. पत्रक हातात आलं की आधी तळाची बारीक ओळ बघायची, छापलं कुणी आणि छापवून घेतलं कुणी, ही सवय तिथली. त्यामुळे ताईच्या घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा आला तेव्हा मी तो शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. तळाशी वकिलांचं नाव होतं. दोघांचा मिळून एकच वकील, आणि तोही भावोजींच्या ओळखीतला.

अर्ज परस्पर संमतीचा होता. भांडायचं काही उरलं नव्हतं. भावोजी न्हावा शेवाला कंटेनर यार्डात, ताई दीड वर्षापासून आमच्याकडे आगरदांड्याला. दुसरीतली लेक आपल्याजवळ राहावी, एवढंच तिला हवं होतं. बाकी काही मागायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. त्याचा मला राग होता, पण तो वेगळा विषय.

सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘मुलीचा ताबा तूर्त आईकडे राहील.’

ताई कोळंबी सोलत होती. हे तुला चालेल का, असं मी विचारलं.

“चालेल की. पक्कं लिहिलंय त्यांनी. तूर्त म्हंजे कायमचं ना?”

“कुणी सांगितलं?”

“जेट्टीवरच्या टपरीला पाटी न्हाय का, चहा तूर्त बंद? उघडली का कधी ती?”

मला हसू आलं. ती पाटी आम्ही शाळेत जायचो तेव्हापासून तिथे आहे. मग मी अर्थ सांगितला आणि तिचे हात थांबले.

दोघी वकिलांकडे गेलो. भावोजी आधीच येऊन बसले होते. वकील म्हणाले, तो शब्द नमुन्यातलाच, सगळ्या अर्जांत असतो. शिवाय ताब्याचा आदेश कोर्ट मुलाच्या हितासाठी पुढेही बदलू शकतं, तेव्हा एका शब्दाने काही फरक पडत नाही.

“फरक पडत न्हाय तर काढा की, साहेब,” ताई म्हणाली.

उत्तर देण्याआधी वकिलांनी भावोजींकडे पाहिलं. जेमतेम क्षणभर. भावोजी मोबाइलमध्ये बघत होते.

आठवड्याने नवी प्रत आली. तिच्यात ‘तूर्त’ नव्हतं. त्या जागी ‘पुढील व्यवस्था होईपर्यंत’ असं होतं. टाइप करणाऱ्याची चूक, असं आम्हाला सांगण्यात आलं. एका शब्दाच्या जागी तीन शब्द चुकून कसे टाइप होतात, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. माझा संशय खोटाही असेल. भावोजी सुट्टीत लेकीला न्यायला येतात, ठरल्या दिवशी आणून सोडतात. तरी त्या दिवशी एसटीला उशीर झाला की मी स्टॉपवर जाऊन उभी राहते.

तिसऱ्या प्रतीत ते तीन शब्दही नव्हते. तिच्यावर ताईने सही केली, ओळीओळीवर बोट ठेवून वाचल्यावर. सहा महिन्यांनी पुन्हा तारीख लागली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, अर्ज वाचून, समजून सही केली आहे ना?

“तीनदा वाचला,” ताई म्हणाली. वकील फाइल चाळू लागले.

हुकूमनाम्याची नक्कल आता पलंगाखाली आहे, पत्रकांच्या गठ्ठ्यावर. लेक शेजारच्या खोलीत पाढे म्हणते आहे.

तुमच्या घरात असा कागद आला असेल तर सही करण्याआधी तो कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. अडलेले शब्द विचाराच. पण ज्याचा अर्थ आपल्याला पक्का ठाऊक आहे असं वाटतं, तो शब्द सगळ्यांत आधी विचारा.