शांतवनची विनंती

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुम्ही माझ्या चर्चच्या मंडळीतले नाही म्हणून.

मी पाळक आहे — निदान शुक्रवारी. एरवी इथे आखातात, सित्र्यातल्या एका कंपनीत कामगारांच्या हजेऱ्या लावतो. शुक्रवारी सकाळी गुदैबियातल्या भाड्याच्या हॉलमध्ये नगरकडची आम्ही काही माणसं मराठीत उपासना करतो. तिथे मी इथल्या राजासाठी प्रार्थना करतो आणि पाठोपाठ आमच्या मॅनेजरसाहेबांसाठीही. लोक गालात हसतात. हसू देत. खाल्ल्या मिठाला जागावं, असं मी मानत आलो.

पाळकाचं शिक्षण घेताना एका जुन्या अमेरिकन पाळकाबद्दल वाचलं होतं. सगळा देश इंग्रजांच्या राजाविरुद्ध उठला, तरी हा बाबा भर उपासनेत त्याच राजासाठी प्रार्थना करायचा. मंडळी गेली, घर गेलं, शेवटी परागंदा झाला. मला तो फार आवडायचा. मी स्वतःला त्याच्याच पंगतीत बसवत होतो.

आमच्यात एक रीत आहे. प्रवचनानंतर मी विचारतो, कुणाची प्रार्थना-विनंती आहे का? माणसं उभी राहून सांगतात — आईचं ऑपरेशन, मुलीचं लग्न. तिथलं तिथेच राहायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. एका उन्हाळ्यात शांतवन उभा राहिला. आमच्याच कंपनीतला वेल्डर. कामावर नेणाऱ्या बसचा एसी कधीचा बंद होता, दोघे जण भोवळ येऊन पडले होते. रविवारी आम्ही कुणीच बसमध्ये चढणार नाही, तो म्हणाला, धीर मिळावा म्हणून प्रार्थना करा. मी केली. मनापासून केली — हेच मला अजून उमगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. दार लावून घेतलं आणि शांतवनचं नाव सांगितलं. घाबरलो होतो का? नाही. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला — मला बरं वाटलं. आता लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं. तो अमेरिकन निदान उघड बोलायचा. आणि गेलं ते त्याचं स्वतःचं गेलं.

संध्याकाळपर्यंत शांतवनचा व्हिसा रद्द झाला होता. विमानतळावर जाण्याआधी तो माझ्या खोलीवर आला. बॅग दारात ठेवली, गुडघे टेकले.

"आपलं इथलं खलास, पाळकसाहेब," तो म्हणाला. "आपल्यातल्याच कुणीतरी सांगितलं. देवानं त्याला माफ करावं म्हणून तुम्ही प्रार्थना करा. माझ्याच्यानं होईना."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली — चांगली लांब. तो आमेन म्हणाला. मीही म्हणालो.

रविवारी सगळे मुकाट बसमध्ये चढले. दर शुक्रवारी मी अजूनही विचारतो, कुणाची विनंती आहे का? माणसं उभी राहतात, सांगतात.