दातांनी इंजिन ऐकणारे सत्तारचाचा

सत्तारचाचांना ऐकू येत नव्हतं. पण आमच्या लोहा गावात इंजिनाचं दुखणं त्यांच्याइतकं कुणालाच कळायचं नाही.

आज पहाटे चाचा गेले.

मी इथे जनावरांची डॉक्टर म्हणून नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. माझी बाईक खडखड करायची. एका गॅरेजवाल्याने टायमिंग चेन बदलून दिली, तरी आवाज तसाच. म्हणून चाचांच्या गॅरेजात नेली.

त्यांनी इंजिन सुरू केलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि त्याची मूठ दातांत धरली; इंजिनाची थरथर त्यांना दातांतून कळायची. डोळे मिटले.

आधी वर, हेडला. मग खाली, क्रँकपाशी.

"वरचं समदं ठीक हाय, म्याडम. खालून ठोकून राहिलं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं."

आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

तेवढ्यात मला फोन आला. कंधार रोडच्या एका वस्तीवर म्हैस अडली होती.

"चाचा, किल्ली द्या."

"न्हाई. रॉड तुटला तर चाक जाम होईल. चालत्या गाडीवरून फेकल्या जाल."

माझा पारा चढला. "तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्हाला काय कळणार?"

ओठ बघून त्यांना सगळं कळायचं. हेही कळलं.

त्यांनी हात पुसले, स्वतःची जुनी गाडी काढली आणि म्हणाले, "बसा."

वस्तीवर तासभर झटापट चालली. मी रेडकाचे पाय सरळ करत होते, चाचा म्हशीचं शेपूट धरून उभे. शेणाने शर्ट भरला, पण शेपूट सोडलं नाही.

रेडकू जिवंत निघालं तेव्हा माझ्याआधी तेच ओरडले, "हाय! जित्तं हाय!"

दोन दिवसांनी त्यांनी जुना रॉड माझ्या हातात ठेवला. बेअरिंगचे रोलर उष्णतेने निळे पडलेले. रॉड बेअरिंगवर वरखाली डुगडुगत होता; चाचांचं म्हणणं खरं होतं.

मी म्हटलं, "चाचा, माफ करा."

"काय?"

"माफ करा."

"काय?"

मी अक्षरशः ओरडले. शेजारचा पंक्चरवाला बाहेर येऊन बघायला लागला.

मग चाचा हसले. "पहिल्याच टायमाला कळलं व्हतं. लई ग्वाड वाटलं, म्हणून पुन्ना म्हणवून घेतलं."

तेव्हापासून सात वर्षं माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नाही. ईदला चाचींच्या हातच्या शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला मी फराळ न्यायचे. चाचा चकली मोडून म्हणायचे, "फिटिंग चांगली हाय."

आज दुपारी चाचींजवळ बसून आले. त्या रडत नव्हत्या. माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "येत जा गं. गाडी बिघडली न्हाई तरी येत जा."

येईन, चाची.

चाचा, लई जीव लावलात. आता आराम करा.